शेजारची वाटी : रोजच्या अन्नाची देवघेव

महाराष्ट्रातील खेड्यांत आणि शहरांतील वाड्या-चाळींत एक प्रघात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. शेजारच्या घरातून कालवणाची, भाजीची वा चटणीची वाटी आली, तर ती धुऊन रिकामी परत करावयाची नाही. घरात त्या दिवशी देण्याजोगे काही नसले, तर निदान चमचाभर साखर किंवा मूठभर शेंगदाणे घालून ती परत जाते. या प्रघाताची गणना सामान्यतः शेजारधर्मात होते आणि ती योग्यच आहे. तथापि, आहाराच्या दृष्टीने या वाटीचे कार्य काय, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

अल्प उत्पन्नाच्या घरात एका वेळी एकच कालवण शिजते. इंधन, वेळ आणि पैसा या तिन्हींचा तो हिशेब असतो. समजा, एका ओळीतील तीन घरांपैकी एका घरी मटकीची उसळ झाली, दुसऱ्या घरी मेथीची भाजी आणि तिसऱ्या घरी पिठले. प्रत्येक घराने आपल्या भांड्यातील एकेक वाटी उरलेल्या दोन घरांस दिली, तर तिन्ही ताटांत तिन्ही पदार्थ येतात. कोणाचाही खर्च वाढत नाही, कारण जेवढे गेले तेवढेच परत आले. आहारशास्त्र ज्या गोष्टीचा आज सतत आग्रह धरते, ती आहारातील विविधता येथे कोणत्याही योजनेवाचून साधली जाते. ज्या नव्या वसाहतींत दारे दिवसभर बंद असतात, तेथे प्रत्येक घर आपापल्या एकाच भाजीवर राहते.

वाटीबरोबर आणखी एक गोष्ट जाते. दुसऱ्या दिवशी नळावर किंवा विहिरीवर 'कालचे कालवण कशाचे केले होते?' हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरात पाककृती सांगितली जाते. लग्न होऊन परमुलखात आलेल्या मुलीने तेथील पिके, तेथील पाणी आणि तेथील चव याच मार्गाने आत्मसात केली. स्वयंपाकाच्या शिक्षणाची एवढी मोठी आणि इतकी अल्पखर्चिक व्यवस्था दुसरी नसावी.

रोजच्या ताटातील शहाणपण

सणावारी होणाऱ्या पक्वान्नांचे कौतुक सर्वत्र होते. परंतु शरीर पोसले जाते ते रोजच्या जेवणावर. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतील रोजच्या जेवणाकडे पाहिले, तर एक समान सूत्र आढळते. पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे पिठले. कोकणात भात आणि कुळथाची पिठी. खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी. पदार्थ भिन्न असले, तरी प्रत्येक ठिकाणी तृणधान्याला कडधान्याची जोड आहे.

या जोडीचे कारण प्रथिनांच्या घडणीत आहे. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू या धान्यांत लायसिन हे आम्ल अपुरे असते. कडधान्यांत ते भरपूर असते, पण त्यांत मिथिओनिन कमी पडते आणि ते तृणधान्यांत मिळते. दोन्ही एकाच ताटात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि दुधा-मांसावाचूनही चांगल्या प्रतीचे प्रथिन मिळते. ज्या स्त्रियांनी ही जोडी रूढ केली त्यांना लायसिन ठाऊक नव्हते. नुसती भाकरी खाऊन शेतात दिवसभर उभे राहवत नाही, एवढे मात्र निश्चित ठाऊक होते.

त्याच ताटातील कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांनाही केवळ तोंडी लावणे म्हणून बाजूला सारता येत नाही. धान्ये, डाळी व पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जेवणात जीवनसत्त्व 'क' असले की त्याचे शोषण वाढते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. म्हणून लिंबू पिळावयाचे ते पदार्थ चुलीवरून उतरविल्यानंतर. मोड आलेल्या मटकीत वा मुगात हे जीवनसत्त्व नव्याने तयार होते, आणि लोहाला धरून ठेवणारे फायटेट नावाचे द्रव्य मोड आणल्याने काहीसे कमी होते. उलटपक्षी जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय लोहाच्या शोषणाला बाधक आहे. चहा हवाच असेल, तर तो जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा.

नाचणीचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दुधात ते याच वजनास सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम असते. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नाचणीची भाकरी हे कष्टकऱ्यांचे अन्न मानले गेले आणि हाती पैसा आला की ताटातून प्रथम तीच गेली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे दिसू लागली आहेत. भाकरी मात्र घरांत त्या वेगाने परतलेली नाही, कारण ती थापता येणारे हात मधल्या काळात कमी झाले.

वेळ अमावस्येचे शिवारभोजन

अन्न वाटून खाण्याची वृत्ती एरवी वाटीपुरती असते. लातूर, धाराशिव, नांदेड आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या भागांत वर्षातून एक दिवस ती सबंध शिवारभर पसरते. मार्गशीर्ष महिन्यातील अमावस्येला या भागात वेळ अमावस्या किंवा बोलीभाषेत येळवस म्हणतात. डिसेंबर वा जानेवारीत येणाऱ्या या दिवशी गावेच्या गावे शेतात जेवावयास जातात. लातूर शहरातील रस्ते त्या दिवशी ओस पडतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही जेवल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. कडब्याची कोप उभारून पूजा होते, आणि त्यानंतर पंगती बसतात.

या दिवशीचा मुख्य पदार्थ भज्जी. नावावरून तळलेल्या भज्यांचा समज होण्याचा संभव आहे. पण ही भज्जी म्हणजे अनेक ओली कडधान्ये आणि भाज्या एकत्र शिजवून केलेले दाट कालवण. तुरीचे, हरभऱ्याचे व वाटाण्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, गाजर, वांगे असे जे जे शिवारात त्या वेळी तयार असेल ते ते तीत पडते. घरागणिक यादी बदलते. दाणे अगोदर शिजवून घेतात, कारण पालेभाजीबरोबर घातले तर पाला गळून जातो आणि दाणा कच्चा राहतो. मग भाज्या, चिंचेचा कोळ, हिरव्या मिरचीचे व लसणाचे वाटण घालून शेवटी पाण्यात किंवा ताकात कालवलेले डाळीचे पीठ लावतात व सतत ढवळीत ते शिजू देतात. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात भरून आणलेली आंबील.

आंबील करण्याची रीत सोपी आहे. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात रात्री कालवून झाकून ठेवावे. सकाळी त्यास आंबूस वास येतो. दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडावे व पीठ शिजून चकाकी येईपर्यंत मंद आचेवर ढवळावे. थंड झाल्यावर मीठ, ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड व कोथिंबीर घालावी आणि आवश्यकतेनुसार आणखी ताक घालून पातळ करावे. आंबविण्याच्या क्रियेत धान्यातील फायटेट कमी होते, आणि लोह व जस्त यांसारखी खनिजे शरीराला अधिक प्रमाणात मिळतात. चवीसाठी म्हणून जे केले जाते, त्याचा असाही उपयोग आहे.

वेळ अमावस्येला हाच काळ लाभला यात योगायोग नाही. तूर काढणीस आलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, रब्बीची ज्वारी उभी असते. वर्षातील बाकी दिवशी वाळलेले धान्य खाणाऱ्या घरांना ओले, ताजे आणि नानाविध अन्न मिळण्याचा हा ऋतू. शेतमालकाबरोबर त्याचा सालगडी आणि मजुरीला येणाऱ्या स्त्रियाही त्याच पंगतीत असाव्यात, ही या दिवसाची रीत आहे.

वाटी कोठे अडते

ही रीत सर्वत्र आणि सर्वकाळ पाळली गेली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. वाटीचा प्रवास दीर्घकाळ जातीच्या भिंतीपाशी थांबत असे. एकाच आळीत राहणाऱ्या दोन घरांत अन्नाची देवघेव होईल की नाही, हे पदार्थावर नव्हे तर जन्मावर ठरत होते. आणि जेथे देणे होते तेथे घेणे नव्हते. वरून टाकलेले अन्न घ्यावयाचे, परंतु आपल्या हातचे कोणी खावयाचे नाही, अशी ती एकतर्फी वाट होती. तिला शेजारधर्म हे नाव देता येत नाही. समाजसुधारकांनी सहभोजनाचा आग्रह धरला तो यासाठीच. समतानंद म्हणून ओळखले गेलेले अनंत हरी गद्रे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'झुणका-भाकर सत्यनारायण' हा उपक्रम चालविला. पूजेचा मान अस्पृश्य मानल्या गेलेल्या दांपत्याला आणि प्रसाद म्हणून सर्वांनी एकत्र बसून खावयाची झुणका-भाकर, अशी त्याची योजना होती. त्यांनी पक्वान्न न निवडता रोजचे अन्न निवडले, हे लक्षणीय होय. सणाचे जेवण वर्षातून एकदा एकत्र झाले तरी रोजचा व्यवहार बदलत नाही. झुणका-भाकर ज्याच्या हातची खाल्ली त्याच्याशी मात्र रोजचे नाते जडते.

वाटी आणखी एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण घराच्या आत आहे. शेजाऱ्याला पहिली वाटी जाते, मग पुरुषमाणसे व मुले जेवतात आणि रांधणारी सर्वांत शेवटी बसते. भाकरी उरते, पण कालवण बहुधा तळाशी गेलेले असते. तिच्या वाट्याला भाकरी आणि चटणी येते. वर सांगितलेल्या तृणधान्य-कडधान्याच्या जोडीतील कडधान्य नेमके तिच्याच ताटातून नाहीसे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्याचा सारा दोष पंगतीच्या क्रमावर टाकणे बरोबर नाही. परंतु गोळ्यांचे वाटप करीत असताना ताटाकडे दुर्लक्ष करणे हेही बरोबर नाही.

आदिवासी भागातील गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्या रचनेत या अडचणीची जाण दिसते. घरी नेण्यासाठी दिलेला शिधा घरातील सर्वांत वाटला जातो, आणि ज्या मातेसाठी तो दिला तिच्या वाट्याला थोडाच येतो. अंगणवाडीत शिजवून तेथेच वाढलेले चौरस जेवण मात्र तिच्याच पोटात जाते. शिवाय चार-आठ जणी एकत्र जेवावयास बसल्या की बोलणे निघते, आणि कोणी कोणती पालेभाजी कशी केली याची देवघेवही होते.

घरच्या अन्नाला बाजारात मूल्य आहे, हे मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांनी फार पूर्वी सिद्ध केले होते. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले कामगार त्यांच्याकडे जेवीत. त्यांचे भांडवल म्हणजे हाताची चव आणि रोजच्या पाककृती. वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज हा त्यांचा जाच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना संघटित केले व बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली.

'अंदाजाने' म्हणजे किती?

पाककृती सांगणाऱ्या स्त्रीस मीठ किती, असे विचारले तर 'अंदाजाने' हे उत्तर मिळते. त्यात लपवाछपवी नसते. तिचे माप तिच्या हातात असते : चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. धान्यासाठी चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मापे होती. १९५८ पासून दशमान पद्धतीची वजने टप्प्याटप्प्याने आली आणि ती मापे मागे पडली. हाताचे माप हातानेच शिकावे लागते. सासू-सुना, जावा-नणंदा एका चुलीशी असेपर्यंत त्यात अडचण नव्हती. नोकरीनिमित्त घरे विभागली तशी लिखित पाककृतीची गरज भासू लागली.

मराठीत ही परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले व पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा हीच त्यांनी मापे धरली. नवशिक्या गृहिणीला तराजू लागू नये, हा त्यामागील विचार. आणि पुस्तकाच्या लोकप्रियतेचे ते एक प्रमुख कारण ठरले.

तरीही काही गोष्टी मापात बसत नाहीत आणि नेमक्या त्याच सांगावयाच्या राहून जातात. भाकरीचेच पाहा. ज्वारीच्या पिठात गव्हाप्रमाणे ग्लुटेन नसते, म्हणून ते गार पाण्याने नीट जुळून येत नाही. उकळते पाणी घातल्याने पिठातील स्टार्च फुगतो, चिकटपणा येतो व भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते; मग कितीही मळले तरी भाकरी तुटते, आणि नवशिकी मुलगी दोष स्वतःच्या हाताला देते. ज्वारीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ त्याहूनही लवकर कडू होते. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी सारखे फिरवावे, ते सुकत येताच उलटावी. पाणी पूर्ण वाळू दिले तर वरचा भाग तडकतो आणि पापुद्रा सुटत नाही. पिठल्याचेही तसेच. एका वाटी पिठास साडेतीन ते चार वाट्या पाणी हे प्रमाण लिहिता येते. पण फोडणीत घातलेल्या पाण्याला उकळी येण्यापूर्वी पीठ वैरले तर ते कच्चट लागते, आणि एकदम ओतले तर गुठळ्या होतात, हेही लिहिले पाहिजे. पाककृती देणाऱ्याने 'हे तर सर्वांना येतेच' असे समजून जे गाळले, तेच घेणाऱ्याचे चुकते.

ज्या घरी बाळंतीण आहे किंवा कोणी दीर्घ तापातून उठले आहे, त्या घरी शेजारून मेतकुटाची बरणी जाण्याची पद्धत आहे. मऊ भात, तूप आणि मेतकूट हे पचनास हलके जेवण, आणि त्यातही तांदूळ व डाळी यांची तीच जोडी. त्याची कृती अशी : हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, गहू पाव वाटी, धने दोन चमचे, जिरे एक चमचा, मोहरी व मेथ्या प्रत्येकी अर्धा चमचा, सुंठीचा लहान तुकडा, हळद एक चमचा, हिंग पाव चमचा. हळद व हिंग वगळून सर्व जिन्नस कोरडेच, मंद आचेवर, एकेक करून वेगवेगळे भाजावेत. उडदाची डाळ तांबूस होते तोवर हरभऱ्याची डाळ आतून कच्चीच असते. म्हणून एकत्र भाजू नयेत. मेथ्या करपल्या तर सबंध मेतकूट कडू होते. सर्व पूर्ण थंड झाल्यावर हळद-हिंग घालून बारीक दळावे, चाळावे व कोरड्या काचेच्या बरणीत भरावे. मीठ दळताना घालू नये. त्यास दमटपणा येतो. बरणी देताना तीवर दळल्याची तारीख लिहावी आणि दीड-दोन महिन्यांत मेतकूट संपवावे, असे सांगावे. बरणी परत येईल तेव्हा ती रिकामी येणार नाही, हे सांगावे लागत नाही.